ओल

भिंतीवरचा डाग आधी लिंबाएवढा होता,
मग भाकरीएवढा.
रिबका म्हणाली, पांढरा हात मारू या.
मारला. नाताळ निभावला.
जानेवारीत डागानं पुन्हा डोकं वर काढलं
आणि या खेपेला त्याला पिवळी कड होती,
बशीत चहा वाळल्यासारखी.

मी मंडळीचा खजिनदार. तीस वर्षं
अर्पणाच्या थैलीचा हिशेब पैशानं चुकला नाही.
पाणी कुठून येतंय, मला पक्कं ठाऊक होतं:
भिंतीपलीकडून. शमूच्या न्हाणीतून.
विक्रमनगरातल्या या दोन खोल्या आणि त्या दोन खोल्या,
अकरा वर्षांपूर्वी मधे चार इंची भिंत घातली
आणि बोलणं त्या विटांत कुठंतरी चिणलं गेलं.
प्रभुभोजनाची भाकर मात्र एकाच ताटातून घेतो,
नजर चुकवून.

उपासना सुटल्यावर, चपला शोधता शोधता
चार जणांना सांगूनही टाकलं,
"आमच्या धाकट्याकडं कुठंतरी पाणी मुरतंय बघा."
लोक हसले.
मलाही ते वाक्य आवडलं.

इलाही मिस्त्री आला, लक्ष्मीपुरीतनं नवी छिन्नी घेऊन.
भिंतीला कान लावून उभा राहिला. बराच वेळ.
दवाखान्यात तरी कोण एवढं ऐकतं.
"काका, पाटी काढा."
"डाग तर खाली आहे."
"डाग खालीच असतोय. पाणी वरनं येतंय."

ती पाटी, या घराचा धनी कोण ते सांगणारी,
निळ्या मखमलीवर चंदेरी अक्षरं.
घर-अर्पणाच्या दिवशी पाळकांनी प्रार्थना केली
आणि मी खिळा ठोकला.
दीड इंची पुरला असता.
चार इंची घेतला.
पलीकडं ऐकू जावं म्हणून ठोकत राहिलो.

पाचव्या घावाला गिलावा सुटला.
आत पांढरा पाइप, पाइपात आरपार माझा खिळा,
गंजून काडीएवढा उरलेला.
"ह्येनंच भोक पाडलं," इलाही म्हणाला,
"आन् ह्येनंच इतकी वर्सं बुजवून धरलं.
टोक तिकडं निघालंय. आधी वल तिकडंच गेली आसंल."
पँटला पुसून त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला.
"घ्या. तुमचाच हाय."

मी स्टुलावर बसलो.
तळहातावरच्या खिळ्याबद्दल काही म्हणणार नाही.
गुड फ्रायडेला मी फार बोलत आलोय.

मग छिन्नी जरा जास्त गेली
आणि एक वीट पलीकडं पडली.
भोकातून उजेड आला, लसणाच्या फोडणीचा वास,
सुनीतीची हाक, "अहो, भिंत आली!"
आणि शमूचा डोळा. एकच.
आईसारखा घारा. विसरलो होतो.

"तुमच्यात वल हुती?" इलाहीनंच विचारलं.
माझी जीभ उचलेना.
"सहा वर्षं. कपाट आडवं लावलंय.
दर नाताळाला रंग देतो."
"मग बोलला न्हाईसा?"
"काय बोलायचं. थोरला आहे."

"आठ दिस उघडं ठेवा," इलाही जाताना म्हणाला,
"आतनं वाळल्याबिगर सिमेंट धरत न्हाई."

आज अकरावा दिवस.
पोतं दाराशी आहे. त्याचे दोन फोन येऊन गेले.
मी सांगतो, अजून दमट लागतंय.
दिवसाआड पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा
भोकातून आवाज येतो, "आलं का?"
मी म्हणतो, "आलं."
अजून तेवढंच.

चौघांपैकी तिघांना खरं काय ते सांगून झालं.
चौथे फोन उचलत नाहीत.

काल पाळक आले. पाटी कुठं गेली, म्हणाले.
फळीवर, तांदळाच्या डब्याला टेकून होती.
खिशात हात घालत म्हणाले, खिळा आणू का एखादा?
मी म्हटलं, राहू दे.
टेकवलेली असली तरी वाचता येते.